कॉलेजची इंटर्नशिप खरी की कागदावरची? मुंबईतल्या विद्यार्थी-पालकांनी कसं तपासावं

महाराष्ट्रात नवं शैक्षणिक धोरण २०२३-२४ पासून स्वायत्त कॉलेजांत आणि २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांत लागू झालं आणि ‘ओजेटी’ हा शब्द घराघरांत पोचला. ओजेटी म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग. पदवीला त्याचे ४ क्रेडिट आहेत. एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षातही ४ क्रेडिटचं ओजेटी किंवा फील्ड प्रोजेक्ट आहे. त्यामुळे इंटर्नशिपचा कार्यक्रम आता मुंबईतल्या जवळपास प्रत्येक कॉलेजकडे आहे. तो असणं ही मिरवायची गोष्ट राहिलेली नाही. तो कसा आहे हे बघायला हवं, आणि तिथे कॉलेजा-कॉलेजांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मी उपनगरातल्या एका कॉलेजात वाणिज्य शिकवते आणि मुलांच्या ओजेटीचं काम बघते. प्रवेशाच्या दिवसांत पालक विचारतात, “मॅडम, कुठल्या कॉलेजची इंटर्नशिप चांगली?” मी नाव सांगत नाही, तपासायची रीत सांगते, कारण एकाच कॉलेजात एका विभागाचा कार्यक्रम उत्तम आणि शेजारच्या विभागाचा नुसता सही-शिक्क्याचा असू शकतो. या रीतीच्या मुळाशी एकच प्रश्न आहे. मुलाने कामाच्या जागी जे काम केलं, ते एखाद्या जाणत्या माणसाने नीट बघितलं का, आणि त्यातलं चूक-बरोबर त्याला सांगितलं का? कंपनीचं नाव, पॅकेज, सर्टिफिकेट हे सगळं त्यानंतर.

पायरी १ : हे नक्की आहे काय, ते वेगळं करा

प्लेसमेंट, इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिप हे तीन शब्द माहितीपत्रकात सर्रास एकत्र कालवलेले असतात. ते आधी सुटे करायचे.

प्लेसमेंट म्हणजे शिक्षण संपताना कॉलेजमार्फत मिळणारी नोकरी. इंटर्नशिप किंवा ओजेटी हा शिक्षणाचा भाग, त्याला क्रेडिट असतात आणि मूल तिथे विद्यार्थी म्हणूनच जातं. अप्रेंटिसशिप म्हणजे शिकाऊ उमेदवारी. तिच्यामागे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे, लेखी करार आहे, पोर्टलवर नोंदणी आहे आणि ठरलेलं विद्यावेतन आहे. पदवी-पदविकाधारकांसाठी केंद्राची ‘नॅट्स’ योजना चालते. तिचं पश्चिम विभागाचं मंडळ आपल्या सायनमध्येच आहे. २०१९ च्या नियमबदलात पदवीधर उमेदवाराचं किमान विद्यावेतन महिना ९,००० रुपये ठरलं आणि या योजनेत किमान विद्यावेतनाचा अर्धा भाग सरकार देतं. अलीकडे पदवीतच उमेदवारी गुंफलेले ‘एईडीपी’ अभ्यासक्रमही सुरू झालेत. तिथे पहिला प्रश्न विचारायचा, “करार पोर्टलवर नोंदला जातो का? त्याची प्रत मुलाला मिळते का?” उत्तर गुळमुळीत आलं तर नाव अप्रेंटिसशिपचं आणि काम साध्या इंटर्नशिपचं, असं धरून चाला.

पंतप्रधान इंटर्नशिप योजना किंवा राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना या सरकारी योजना आहेत. त्यांचा लाभ जरूर घ्या, पण त्या कॉलेजच्या खात्यावर मांडू नका.

पायरी २ : तासांचा हिशेब मांडा

इंटर्नशिपच्या एका क्रेडिटला साधारण ३० तास धरतात. ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. रोज आठ तास काम केलं तर पंधरा दिवस, चार तास केलं तर महिना. हा हिशेब पालकांसमोर मांडला की बरेच जण गप्प होतात, कारण त्यांच्या डोक्यात ‘सहा महिन्यांची इंटर्नशिप’ असते.

पंधरा दिवस फुकट जातात असं मला म्हणायचं नाही. पण पंधरा दिवसांत पहिला आठवडा ऑफिस समजून घेण्यात, पासवर्ड मिळण्यात आणि कोणाला काय विचारायचं हे कळण्यात जातो. उरलेल्या आठवड्यात मुलाला खरं काम द्यायचं, तर ते काय असेल हे आधी ठरलेलं हवं. म्हणून विचारा: हे तास सलग आहेत की तुकड्यांत? सुट्टीत आहेत की लेक्चर चालू असताना? सकाळी सातच्या कॉलेजनंतर मुलगी बदलापूरहून येऊन फोर्टला दुपारी चार तास बसणार असेल, तर महिनाभराच्या धावपळीत ती शिकेल किती, याचा विचार कॉलेजने केलाय का?

तुलनेसाठी इतर अभ्यासक्रमांकडे बघा. वास्तुरचनेच्या विद्यार्थ्याला अख्खं सत्र आर्किटेक्टच्या ऑफिसात काढावं लागतं. हॉटेल मॅनेजमेंटची मुलं काही महिने सलग हॉटेलात असतात, किचनपासून हाउसकीपिंगपर्यंत फिरून. सी.ए.ची आर्टिकलशिप २०२३ च्या नव्या रचनेत तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली, तरी दोन वर्षं म्हणजे बराच काळ. ज्या कॉलेजांनी किमान १२० तासांवर न थांबता उन्हाळ्याची सुट्टी जोडून घेऊन दोन महिन्यांची सोय केली आहे, त्यांना माझ्या लेखी जास्त गुण.

तास संपल्यावर काय होतं हेही विचारा. १९०६ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी अभियांत्रिकीच्या मुलांना आलटून-पालटून वर्गात आणि कारखान्यात पाठवायला सुरुवात केली, तिथून या सगळ्या पद्धतीचा उगम धरतात. त्यातला कळीचा भाग कारखान्यातून परत येणं हा होता. मूल प्रश्न घेऊन वर्गात येतं आणि पुढचं सत्र त्या प्रश्नांवर उभं राहतं. आपल्याकडे बऱ्याचदा ओजेटी सहाव्या सत्रात येतं आणि लगेच निकाल लागतो, परत यायला वर्गच उरत नाही. अशा वेळी निदान एक जाहीर सादरीकरण तरी होतं का, त्याला पुढच्या वर्षाची मुलं बसतात का, हे बघा.

पायरी ३ : आकडे वाचायला शिका

‘९५ टक्के प्लेसमेंट’ म्हटलं की पहिला प्रश्न, कशाच्या ९५ टक्के? समजा, शेवटच्या वर्षाला १२० मुलं आहेत. त्यातल्या ६० जणांनी प्लेसमेंट सेलमध्ये नाव नोंदवलं आणि ५७ जणांना नोकरी मिळाली. नोंदणी केलेल्यांच्या ९५ टक्के झाले, पण वर्गाच्या ४८ टक्केसुद्धा नाहीत. उरलेली मुलं पुढे शिकायला गेली असतील तर काही बिघडलं नाही, पण मग तो आकडा वेगळा दाखवायला हवा. काही ठिकाणी मुलांऐवजी ऑफर मोजतात. एकाच हुशार मुलीला तीन ऑफर आल्या तर तीन.

पगाराचंही तसंच. दहा मुलांपैकी नऊ जणांना वर्षाला ३ लाख आणि एकाला ३० लाख मिळाले, तर सरासरी ५ लाख ७० हजार येते. हा पगार त्या दहांतल्या एकालाही मिळालेला नाही. मधला पगार, म्हणजे मीडियन, ३ लाखच आहे. तुमच्या मुलाला काय मिळण्याची शक्यता आहे ते मीडियन सांगतो. सर्वोच्च पॅकेजचा आकडा सरळ सोडून द्या.

हा मीडियन शोधायला कोणाच्या पाया पडायची गरज नाही. जी कॉलेजं ‘एनआयआरएफ’ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेतात, त्यांनी भरलेली माहिती त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये असते. त्यात वर्षवार तक्ता असतो: किती मुलं दाखल झाली, किती वेळेत पास झाली, किती नोकरीला लागली, मीडियन पगार किती, उच्च शिक्षणाला किती गेली. माहितीपत्रकातला आकडा आणि हा तक्ता शेजारी ठेवा. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’कडून कॉलेज तपासलं जात असेल तर त्याचे वार्षिक अहवाल, म्हणजे एक्यूएआर, उघडा. पहिल्या निकषात इंटर्नशिप-प्रोजेक्ट केलेल्या मुलांची संख्या असते आणि पाचव्यात नोकरी लागलेल्यांची. जोडलेल्या याद्यांत कंपन्यांची नावंही सापडतात. कंटाळवाणं वाचन आहे, पण अर्ध्या तासात जे कळतं ते प्रवेशाच्या रांगेत उभं राहून कळत नाही.

पायरी ४ : मुलं जातात ती ठिकाणं तपासा

लोगोंची भिंत बघू नका, यादी मागा. गेल्या तीन वर्षांत, तुमच्याच विभागाची किती मुलं, कुठल्या कंपनीत, कुठल्या कामाला गेली? यादीत मी सगळ्यात आधी शोधते ती पुन्हा पुन्हा आलेली नावं. अंधेरी एमआयडीसीतली एखादी वीस माणसांची कंपनी तीन वर्षं सलग चार-चार मुलं घेत असेल, तर तिथे दोन्ही बाजूंना काहीतरी मिळतंय. बीकेसीतली मोठी बँक एकदाच येऊन गेली असेल, तर तिचा लोगो पुढची दहा वर्षं भिंतीवर राहतो, इतकंच.

कामाचं स्वरूप खोदून विचारा. ‘मार्केटिंग इंटर्न’ म्हणजे बाजाराचा अभ्यासही असतो आणि ओळखीच्या पन्नास लोकांना विमा किंवा क्रेडिट कार्ड विकणंही असतं. विक्रीचं काम कमी प्रतीचं नाही, त्यातून मुलं बोलायला शिकतात. पण टार्गेट पूर्ण केलं तरच सर्टिफिकेट अशी अट असेल, तर त्या मुलाचं आणि त्याच्या नातेवाइकांचं शोषण चाललंय.

आणि एक गोष्ट ठाम सांगते. इंटर्नशिप देण्यासाठी मुलाकडून ‘रजिस्ट्रेशन फी’, ‘ट्रेनिंग किट’ किंवा ‘डिपॉझिट’ घेणाऱ्या जागी मूल पाठवू नका. ती कंपनी सर्टिफिकेट विकते. कॉलेजच अशा कंपनीशी बांधलेलं असेल, तर कॉलेजचाही विचार सोडा.

पायरी ५ : लॉगबुक मागा

कार्यक्रमाचा खरेपणा कळायला एकच कागद बघायची मुभा मिळाली, तर मी मागच्या वर्षीच्या मुलाचं लॉगबुक मागेन. त्याला रोजनिशी म्हणा, डायरी म्हणा. नाव झाकून दोन-चार पानं दाखवायला चांगल्या विभागाची हरकत नसते.

पाट्या टाकलेलं लॉगबुक लगेच ओळखू येतं. प्रत्येक पानावर एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेलं: “आज एक्सेलमध्ये डेटा एंट्री केली. नवीन गोष्टी शिकायला मिळाल्या. अनुभव छान होता.” दुसऱ्या दिवशी तेच, शब्द थोडे पुढे-मागे. खाली सुपरवायझरची सही पंधराच्या पंधरा पानांवर एकाच तिरकेपणाने, कारण ती शेवटच्या दिवशी एका दमात झालेली आहे. कॉलेजच्या शिक्षकांचा शेरा असेल तर ‘पाहिले’.

आता खरं लॉगबुक. एका कर सल्लागाराच्या ऑफिसात ओजेटी केलेल्या बी.कॉम.च्या मुलीने लिहिलेलं पान असं होतं (जीएसटीआर-१ म्हणजे पुरवठादाराने भरायचं विक्रीचं रिटर्न, २बी म्हणजे त्यावरून खरेदीदाराला दिसणारी बिलांची यादी): “अशिलाची खरेदी नोंदवही जीएसटीआर-२बीशी जुळवली. १४ बिलं २बीमध्ये दिसत नाहीत. ९ बिलांच्या पुरवठादारांनी जीएसटीआर-१ भरलेलं नाही. ५ बिलांवर आपल्या अशिलाचा जीएसटी नंबरच चुकीचा आहे. मी सगळ्यांना एकच मेल लिहिला होता. सरांनी थांबवलं. म्हणाले, दोन्ही गटांना वेगवेगळं सांगावं लागेल, एकाला रिटर्न भरायला आणि दुसऱ्याला दुरुस्ती करायला. मेल पुन्हा लिहिला.” बाजूला लाल पेनने सरांचा शेरा: “क्रेडिट किती अडकलं ती रक्कम मेलमध्ये लिही.”

या एका पानात सगळं आहे. मुलीला खरं काम दिलं होतं. तिने ते आधी स्वतःच्या डोक्याने केलं. चूक झाली, ती कोणीतरी त्याच दिवशी बघितली, कारण सांगितलं आणि काम पुन्हा करून घेतलं. वर्गात ‘इनपुट टॅक्स क्रेडिट’, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, आम्ही फळ्यावर शिकवतोच, पण एका व्यापाऱ्याचे पैसे कोणाच्यातरी आळसामुळे कसे अडकतात, हे तिला त्या दिवशी कळलं. असं एक पान दिसलं की त्या कार्यक्रमाबद्दल माझं मत निम्मं तिथेच बनतं.

म्हणून लॉगबुक बघताना तीन गोष्टी शोधा: कामाचा नेमका तपशील, चुकीचा किंवा अडचणीचा उल्लेख, आणि मोठ्या माणसाचा ‘पाहिले’च्या पलीकडचा शेरा. अडचण एकही नाही असं लॉगबुक खरं नसतं.

हे कॉलेजच्या पातळीवर कसं उभं करायचं, याचा नमुना मुंबईत कित्येक दशकांपासून आहे. समाजकार्याचं शिक्षण देणाऱ्या संस्था बघा. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासूनची, चर्चगेटचं निर्मला निकेतन १९५५ पासूनचं. तिथे फील्डवर्क हा अभ्यासक्रमाचा कणा आहे. मुलं आठवड्यातले ठरावीक दिवस एखाद्या संस्थेत, रुग्णालयात, वस्तीत काम करतात आणि उरलेले दिवस वर्गात बसतात. प्रत्येकाने काय पाहिलं, काय केलं आणि का केलं याचा लेखी अहवाल लिहायचा. संस्थेत एक मार्गदर्शक असतो, कॉलेजातला शिक्षक वेगळा. हा शिक्षक ते अहवाल वाचून मुलाला एकट्याला बसवून बोलतो. शिवाय गटचर्चा होते, त्यात इतर मुलं प्रश्न विचारतात.

हे सगळं वाणिज्य, विज्ञान, आयटीच्या विभागांनाही जमण्यासारखं आहे. त्यासाठी पैसा फारसा लागत नाही, शिक्षकाचा वेळ लागतो. म्हणून विभागप्रमुखांना विचारा: “एका शिक्षकाकडे ओजेटीची किती मुलं असतात? त्या कामाचे तास त्यांच्या वेळापत्रकात धरलेले आहेत का? शिक्षक कंपनीत प्रत्यक्ष जातात की फोनवर विचारतात?” एका शिक्षकाकडे साठ मुलं आणि वेळापत्रकात एक तासही नाही, असं उत्तर आलं, तर दोष त्या शिक्षकाचा नाही. पण तिथे कोणी मुलाचं काम बघणार नाही, हे समजून घ्या.

मुलाच्या हातात पहिल्या दिवसाच्या आधी एक पत्र यायला हवं. काम काय, वेळ काय, कंपनीतला मार्गदर्शक कोण, कॉलेजातला कोण, आणि शेवटी कशावर गुण मिळणार. हे पत्र आधी येतं की सगळं संपल्यावर फाइल पूर्ण करायला बनवतात, हे मुलं बरोब्बर सांगतात.

पायरी ६ : आधीच्या मुलांशी बोला, पण ‘कसं होतं?’ विचारू नका

‘कसं होतं?’ला ‘छान होतं’ हेच उत्तर येतं. कॉलेजने पुढे केलेल्या दोन-तीन हुशार मुलांवरही थांबू नका. दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेली मुलं गाठा. लिंक्डइनवर कॉलेजचं नाव टाकलं की सापडतात, आणि बहुतेक जण मोकळेपणाने बोलतात. त्यांना असं काही विचारा:

“पहिल्या दिवशी तुला कुठे बसवलं आणि काय दिलं?”

“तुझ्या कामातली चूक कोणी दाखवली होती का? कुठली?”

“तुझे कॉलेजचे मार्गदर्शक किती वेळा भेटले? नाव आठवतंय?”

“तू केलेलं काम पुढे वापरलं गेलं का?”

“मध्येच सोडून आलेलं कोणी होतं का? मग कॉलेजने काय केलं?”

शेवटचा प्रश्न टाळू नका. जागा चुकली हे मुलाच्या लक्षात आल्यावर कॉलेज त्याला दुसरी जागा देतं, की ‘कसंतरी पूर्ण कर’ म्हणतं, यावर बरंच काही ठरतं. एका आयटीच्या विद्यार्थ्याने मला सांगितलं, “मॅडम, मला तिथे दिवसभर केबल लावायला आणि प्रिंटर उचलायला सांगायचे. सरांना फोन केला. सर तिसऱ्या दिवशी स्वतः आले, त्यांच्याशी बोलले, मग मला सर्व्हर रूममध्ये बसवलं.” त्या कॉलेजकडे मोठ्या कंपन्या नव्हत्या, पण तिसऱ्या दिवशी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये जाऊन उभे राहणारे सर होते. मी माझ्या भाचीला तिथे डोळे झाकून पाठवेन.

पायरी ७ : जागा मिळवून कोण देतं?

ही बाजू माहितीपत्रकात कुठेच नसते, आणि मला ती फार बोचते. बऱ्याच कॉलेजांत मुलांना सांगतात, “आपापली जागा शोधा, पत्र आणून द्या.” ज्या घरात काका सी.ए. आहेत, मावशी बँकेत आहे, तिथे प्रश्न येत नाही. ज्या मुलाचे वडील गिरणगावात सिक्युरिटीला आहेत आणि आई घरकाम करते, त्याने कोणाकडे जायचं? मग तो कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याचं पत्र आणतो, १२० तास भरल्याचं. कॉलेज ते स्वीकारतं, कारण कॉलेजकडेही दुसरा मार्ग नसतो. ज्या मुलाला या अनुभवाची सगळ्यात जास्त गरज होती, तोच कोरडा राहतो.

म्हणून विचारा: किती मुलांना जागा कॉलेजने दिली आणि किती जणांनी स्वतः शोधली? स्वतः शोधलेली जागा मंजूर करण्याआधी कोणी पडताळतं का? मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मुलाखतीची तयारी करून देतात का? चांगल्या जागा नुसत्या गुणांवर वाटल्या, तर त्या पहिल्या दहा जणांतच फिरतात. काही विभाग मुलाची आवड, राहण्याचं ठिकाण आणि गरज बघून वाटप करतात, त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. अपंग विद्यार्थ्यांना कुठे पाठवलं, याचं उत्तर तयार असेल तर तो विभाग जागरूक आहे.

पायरी ८ : पैसा, लोकल आणि सुरक्षितता

विद्यावेतन नसलं म्हणजे इंटर्नशिप वाईट असं नाही. एखाद्या छोट्या स्वयंसेवी संस्थेला ते परवडत नाही. पण मुलाच्या कामातून कंपनी कमावत असेल, तर निदान प्रवास आणि जेवण तरी सुटायला हवं. खर्चाचा हिशेब करताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. रेल्वेचा विद्यार्थी सवलतीचा पास घर ते कॉलेज या प्रवासाचा असतो. डोंबिवलीचं मूल मुलुंडच्या कॉलेजात जात असेल आणि ओजेटी लोअर परळला असेल, तर मुलुंडच्या पुढचा खर्च वेगळा. महिना-दोन महिन्यांचा हा भार काही घरांना जड जातो. कॉलेजने घराच्या आणि कॉलेजच्या वाटेवरची जागा देण्याचा प्रयत्न केला, तर ही अडचण उद्भवतच नाही.

सुरक्षिततेबद्दल थेट बोला, विशेषतः मुलीसाठी, पण मुलासाठीही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कर्मचारी’ या व्याख्येत प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवारही येतात. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान ठिकाणासाठी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार साधारणपणे तीन महिन्यांत करायची असते. ओजेटीला जाण्याआधीच्या सत्रात हे सांगतात का? कंपनीतल्या समितीत कोण आहे हे मुलीला ठाऊक असतं का? अडचण आली तर रात्री आठ वाजता कोणाला फोन करायचा? प्रयोगशाळा, कारखाना किंवा बांधकामाची जागा असेल, तर विमा आणि सुरक्षेची साधनं कोणाकडून, हे लेखी हवं.

पायरी ९ : निर्णय

तीन गोष्टींपैकी एक जरी आढळली, तर मी तो कार्यक्रम यादीतून काढते: मुलांकडून पैसे घेणं, कॉलेजातला मार्गदर्शक नेमलेलाच नसणं, आणि तक्रार कोणाकडे करायची याचं उत्तर नसणं. बाकीच्यांत तुलना करताना निम्मं वजन पाचव्या पायरीला द्या, म्हणजे काम बघणारा माणूस आणि लॉगबुक यांना. त्याखालोखाल सातवी पायरी, मग तास आणि ठिकाणं. पगाराचा मीडियन शेवटी. तो कॉलेजइतकाच बाजाराच्या त्या वर्षीच्या परिस्थितीवरही अवलंबून असतो.

समजा दोन कॉलेजं आहेत. एकाकडे मोठ्या कंपन्यांची यादी आहे, एका शिक्षकाकडे साठ मुलं आहेत आणि लॉगबुक दाखवायला तयारी नाही. दुसऱ्याकडे मालाड-गोरेगावातली छोटी ऑफिसं आहेत, एका शिक्षकाकडे पंधरा मुलं आहेत आणि लाल पेनाचे शेरे आहेत. मी मुलाला दुसऱ्या कॉलेजात घालेन, मीडियन पगार थोडा कमी दिसला तरीही.

ही विचारपूस प्रवेशाच्या आधी, शक्यतो बारावीच्या निकालाच्या आसपास करा. विभागाला आधी फोन करून वेळ घ्या आणि प्रश्न कागदावर लिहून न्या. कॉलेज सरकारी किंवा अनुदानित असेल आणि माहिती द्यायला टाळाटाळ होत असेल, तर माहितीचा अधिकार वापरता येतो. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून मोजकंच मागा: गेल्या तीन वर्षांची ओजेटीची विभागवार यादी, कंपन्यांशी झालेल्या सामंजस्य करारांच्या प्रती आणि शिक्षकांच्या भेटींचे अहवाल. मुदतीत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.